कार इन्शुरन्सच्या फॉर्ममधला 'व्यवसाय' कॉलम: या चुका टाळा

गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन नंबर हे सगळं आपण कागद समोर ठेवून एकेक अक्षर तपासून भरतो, आणि 'व्यवसाय' हा कॉलम आला की जे पहिलं सुचेल ते टाकून पुढे जातो. गेली बरीच वर्षं मी घरच्यांचे, मित्रांचे, ऑफिसमधल्या लोकांचे हे फॉर्म भरून देतोय आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच कॉलममध्ये होतो. क्लेम अडकला की लोक म्हणतात कंपनीने फसवलं, पण कागद काढून बघितले तर बऱ्याचदा गडबड फॉर्म भरला त्याच दिवशी झालेली असते.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. सगळीकडे व्यवसायावरून प्रीमियम ठरत नाही. भारतात थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या इन्शुरन्सचा दर सरकार ठरवतं, कारसाठी तो इंजिनच्या सीसीवर अवलंबून असतो, तुम्ही काय काम करता याचा तिथे संबंध येत नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी प्रपोझिशन १०३ हा इन्शुरन्सच्या दरांबद्दलचा कायदा पास केला, तेव्हापासून तिथे ड्रायव्हिंग रेकॉर्ड, वर्षाला किती मैल गाडी चालते आणि किती वर्षांचा अनुभव आहे या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन द्यावं लागतं. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये नियम केला की शिक्षण किंवा व्यवसाय बघून दर लावायचा असेल तर त्याचा जोखमीशी संबंध आहे हे कंपनीने आधी दाखवून द्यायचं. ब्रिटनमध्ये मात्र व्यवसाय जवळजवळ प्रत्येक कोटेशनमध्ये विचारतात आणि त्यावरून आकडा हलतो. त्यामुळे 'अमक्याने सांगितलं काही फरक पडत नाही' यावर जाऊ नका, तो कुठल्या देशातलं बोलतोय ते आधी विचारा.

पहिला गैरसमज, नोकरी जितकी प्रतिष्ठेची तितका प्रीमियम कमी. असं नसतं. कंपनीकडे त्या त्या व्यवसायाच्या लोकांचे जुने क्लेम असतात, किती जणांनी केले, केवढ्याचे केले, आणि त्यावरून दर निघतो. त्यामागे साधी कारणं असतात: गाडी रात्री-अपरात्री बाहेर पडते का, गर्दीच्या वेळेत असते का, दिवसभर रस्त्याकडेला उभी राहते का, माणूस लांब ड्युटी करून थकून घरी येतो का. रात्री इमर्जन्सीला पळणारा डॉक्टर आणि सकाळी जाऊन दुपारी परत येणारा क्लार्क, दोघांमध्ये मान कोणाला जास्त हे इथे कोणी मोजत नाही. हा हिशोब जुना आहे. अमेरिकेत १९२२ मध्ये २५ लष्करी अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या गाड्यांचा इन्शुरन्स करायला सुरुवात केली, त्यातून यूएसएए ही इन्शुरन्स कंपनी उभी राहिली. १९३६ मध्ये गायको ही कंपनी सुरू झाली तीच मुळात सरकारी नोकरांसाठी, नावातच 'गव्हर्नमेंट एम्प्लॉईज' आहे. शंभर वर्षांपासून लोक व्यवसायावरून गट पाडतायत, आणि मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही, कारण गटातला प्रत्येक माणूस सारखी गाडी चालवत नाही. पण आपल्याला पटो न पटो, फॉर्म भरायचाय तर नीट भरायचा.

दुसरी चूक हुद्द्याची. व्हिजिटिंग कार्डवर 'कन्सल्टंट' किंवा 'मॅनेजर' असतं आणि तेच आपण टाकतो. ड्रॉपडाउनमध्ये मॅनेजरचेच वीस-पंचवीस प्रकार असतात, ऑफिस मॅनेजर वेगळा, साइट मॅनेजर वेगळा, सेल्स मॅनेजर वेगळा, आणि सेल्सवाला म्हटलं की दिवसभर फिरणारा माणूस असा अर्थ निघतो. बऱ्याच फॉर्ममध्ये खाली अजून एक बॉक्स असतो, कुठल्या क्षेत्रात काम करता, तो लोक बघतच नाहीत. बांधकाम कंपनीत अकाउंट्स बघणारी मुलगी व्यवसायात 'बांधकाम' टाकून बसते, तर तिने व्यवसाय अकाउंटंट आणि क्षेत्र बांधकाम असं भरायला हवं.

इथे लोक मला विचारतात की मग शब्द बदलून प्रीमियम कमी करता येतो का. खरं असेल तेवढं करता येतं. शेफ, कुक आणि किचन स्टाफ, किंवा पत्रकार, लेखक आणि संपादक, यात तुमच्या कामाला दोन शब्द प्रामाणिकपणे लागू होत असतील तर दोन्ही टाकून कोटेशन बघा, त्यात काही गैर नाही. पण माझी एक साधी कसोटी आहे: तुमच्या कंपनीच्या एचआरला कोणी फोन करून विचारलं, तर ते हाच शब्द मान्य करतील का? नसतील करणार तर तो टाकू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात: गाडीचा वापर. व्यवसाय हा शब्द एकटा फिरत नाही, त्याच्याबरोबर वापर असतो. फक्त घरगुती वापर एक, घर ते ऑफिस जाणं-येणं दुसरा, कामासाठी वेगवेगळ्या ठिकाणी जाणं तिसरा, आणि पैसे घेऊन माणसं किंवा सामान नेणं हा पूर्ण वेगळा प्रकार, ज्याला साध्या खासगी पॉलिसीत सहसा कव्हरच नसतं. आठवड्यातून एकदा दुसऱ्या ब्रांचला मीटिंगला जाता तेव्हा अनेक कंपन्यांच्या हिशोबाने तो कामाचा वापर झाला, घर ते ऑफिस नाही.

माझ्या मावसभावाचंच सांगतो. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात बसून काम, आणि शनिवार-रविवार कार्यक्रमांचे फोटो काढायचा, त्याचे पैसेही चांगले मिळायचे. फॉर्ममध्ये फक्त ऑफिसची नोकरी आणि घर ते ऑफिस एवढंच. एका रविवारी संध्याकाळी परत येताना पुढच्या गाडीवर आदळला. नुकसान तपासायला सर्व्हेअर आला, डिकी उघडली, तर आत दोन ट्रायपॉड, लाइटचे स्टँड, एक मोठी काळी बॅग. त्याने सहज विचारलं, "एवढं सामान कशाचं?" भावाने तिथूनच बाजूला होऊन मला फोन लावला, आवाज एकदम बारीक, "दादा, काय सांगू रे?" मी म्हटलं, जे आहे ते सांग, आत्ता खोटं बोललास तर आहे तेही जाईल.

त्याने खरं सांगितलं, आणि मला अजून वाटतं की तेवढ्यानेच तो वाचला. कंपनीने हिशोब केला की दुसरं काम सांगितलं असतं तर प्रीमियम किती लागला असता, आणि त्याने भरला होता त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणून दुरुस्तीचेही तीन-चतुर्थांशच दिले. ब्रिटनमध्ये तर हे २०१२ च्या कायद्यातच लिहिलंय, निष्काळजीपणाने चुकीचं सांगितलं असेल आणि खरं कळल्यावर कंपनीने फक्त प्रीमियम वाढवला असता तर क्लेम त्या प्रमाणात कमी, ७५ टक्के भरला असेल तर ७५ टक्के मिळणार. मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. समोरच्याचं नुकसान सक्तीच्या इन्शुरन्सच्या नियमांमुळे कंपनीला भरावं लागलं तरी नंतर ते पैसे तुमच्याकडून मागायची वाट तिला काही ठिकाणी मोकळी असते, हे पण डोक्यात ठेवा. आणि भावाचा कॅमेरा तुटला त्याचं काहीच मिळालं नाही, कारण कामाचं सामान कार पॉलिसीत सहसा येतच नाही, त्याचा इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो.

म्हणून पार्ट-टाइम काम असेल तर तेही सांगा, अगदी महिन्यातून दोनदा असलं तरी. ॲपवर पॅसेंजर किंवा पार्सल नेणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं. ॲप चालू आहे पण अजून राइड आलेली नाही, तुम्ही नुसते वाट बघत फिरताय, त्या वेळेतसुद्धा खासगी पॉलिसी हात वर करू शकते आणि ॲप कंपनीचं कव्हर तेव्हा नसतं किंवा अर्धवट असतं. या मधल्या वेळेचं काय, हे दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.

'काम करत नाही' म्हणून सरसकट 'बेरोजगार' निवडणं हीपण नेहमीची चूक. रिटायर्ड, गृहिणी, विद्यार्थी, नोकरी शोधणारा हे चार वेगळे पर्याय आहेत आणि त्यांचे दरही वेगळे असू शकतात. माझ्या एका काकांनी दोन वर्षं बेरोजगार लिहिलं होतं, रिटायर्ड केल्यावर पुढच्या रिन्यूअलला आकडा खाली आला.

मुलगा गाडी चालवणार आणि नाव वडिलांचं, कारण वडिलांचं वय आणि नोकरी दोन्ही 'स्वस्त', हे अजिबात करू नका. ब्रिटनमध्ये याला फ्रंटिंग म्हणतात आणि ते फ्रॉडमध्ये मोजलं जातं. रोज जो चालवतो तोच मेन ड्रायव्हर. बाकीचे चालवणारे असतील तर त्यांचाही व्यवसाय नीट भरा, तिथे लोक स्वतःचाच कॉपी करून टाकतात.

नोकरी बदलली, घरून काम सुरू झालं, फिरतीवर बदली झाली, तर रिन्यूअलची वाट बघायची नाही, पॉलिसीत बदल कळवायची अट असते ती वाचा. कधी थोडे जास्त भरावे लागतात, बदलाची फी पण असते, पण घरून काम करायला लागलात तर किलोमीटर कमी होतात आणि उलटा फायदाही होऊ शकतो.

आणि नोकरी बदलल्यावर प्रीमियम एकदम वाढून आला तर? लगेच नव्या व्यवसायाला दोष देऊ नका. जुनं आणि नवं कोटेशन शेजारी ठेवा आणि एकेक ओळ बघा: वापर बदललाय का, वर्षाचे किलोमीटर वाढलेत का, पत्ता किंवा गाडी रात्री कुठे उभी असते ते बदललंय का, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, सुटला का, टॅक्स वाढलाय का. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून परत कोटेशन काढा, दोन बदललेत तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. व्यवसायामुळेच वाढलं असेल तर दुसऱ्या तीन-चार कंपन्यांकडे बघा, कारण प्रत्येकीचा क्लेमचा अनुभव वेगळा, एकीला नको असलेला व्यवसाय दुसरीला चालतो. तुमच्या व्यवसायाच्या संघटनेची ग्रुप स्कीम आहे का तेही विचारा, पण 'डिस्काउंट' शब्दाला भुलू नका, शेवटचा आकडा आणि कव्हर काय आहे ते बघा.

हे वाचताना लक्षात आलं असेल की आपलं आधीच चुकलंय, तर आजच कंपनीला ईमेल करा. फोनवर सांगितलं तरी मागून ईमेल पाठवाच, त्यात पॉलिसी नंबर, आधी काय लिहिलं होतं, खरं काय आहे आणि कधीपासून आहे एवढं चार ओळीत लिहा, आणि सुधारलेली पॉलिसी हातात आली की व्यवसाय आणि वापर या दोन ओळी स्वतः वाचून बघा, कारण माझ्याच एका मित्राला कंपनीने 'बदल केला' असा मेसेज पाठवला होता आणि कागदावर जुनंच छापून आलं होतं.