पावसाळ्यापूर्वी फाइलींच्या आवृत्त्या जपण्याची तयारी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने धोका पातळी ओलांडली आणि शाहूपुरीसारख्या सखल भागांत पाणी शिरले. म्हणून तळमजल्यावर कार्यालय असलेल्यांनी संगणकावरच्या फाइली जपण्याची ही तयारी मे महिन्यातच पुरी करावी.

केवळ कॉपी करून ठेवणे पुरेसे नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यात एकाच कास्टिंगचे (ओतीव सुट्या भागाचे) ड्रॉइंग चार वेळा बदलते आणि पाचव्या वेळी ग्राहक पहिलेच माप मागतो. कॉपी करताना नव्या फाइलीखाली जुनी पुसली गेली असेल, तर ते माप कायमचे जाते. याकरिता कामाच्या फाइलींच्या निदान दुप्पट क्षमतेची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी, ती एनटीएफएस या विंडोजच्या साठवण पद्धतीने फॉरमॅट करावी (आतला मजकूर त्यात पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे) आणि कंट्रोल पॅनेलमधून विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ सुरू करावी. ही सोय बदललेल्या फाइलींची आवृत्ती दर तासाला जपते.

मात्र ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरतीच चालते. आपल्याकडे बहुतेकांचे काम डी ड्राइव्हवर असते आणि ते आपोआप जपले जात नाही. तो फोल्डर विंडोजमधल्या एखाद्या ‘लायब्ररी’त (फोल्डरांच्या गटात) जोडावाच लागतो. माझ्या मते या यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे, कारण चूक लक्षात येते ती फाइल गेल्यावर. जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रे असतील, तर ते फॉन्टही वेगळे उतरवून घ्यावेत; एरवी फाइल परत मिळूनही अक्षरे वाचता येत नाहीत.

त्यानंतर एक प्रत्यक्ष चाचणी घ्यावी: एखादे ड्रॉइंग बदलून सेव्ह करावे, तासाभराने पुन्हा बदलावे आणि आधीची आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहावी. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही निकामी करू शकते, त्यामुळे रोजचे काम संपल्यावर डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढावी. शक्य असल्यास दुसरी डिस्क घेऊन दर शनिवारी अदलाबदल करावी आणि कार्यालयाबाहेरची डिस्क पुराचे पाणी पोहोचत नाही अशा भागातल्या नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर, कोरड्या डब्यात ठेवावी.