बाथरूमच्या फरशीखालचे पाइप: कोबा भरण्याआधी काय काय पाहावं

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बहुतेक इमारतींत फूटभर खाली घेतलेला असतो. सांडपाण्याचे पाइप त्या खड्ड्यातून जातात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि फरशी येते. एकदा झाकलं की फरशी फोडल्याशिवाय चूक सापडत नाही. तोवर खालच्यांचं छत पाझरायला लागलेलं असतं.

कामाची सुरुवात पाइपने करू नका. आधी पाइप बाहेर जाण्यासाठी भिंतीत भोकं पाडून घ्या, मग वॉटरप्रूफिंग करा आणि ते भिंतींवर फरशीच्या पातळीपेक्षा वीतभर वर चढवा. किमान 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत स्वतः बघा. यानंतर या स्लॅबला खिळा किंवा क्लॅम्प ठोकू देऊ नका.

कमोडला 110 मिमी एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप, नहाणी ट्रॅपपासून (फरशीच्या जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) पुढे 75 मिमी. कमोडच्या आउटलेटचं माप भिंतीपासून घेताना टाइल आणि तिच्यामागच्या मालाची जाडी धरलीच पाहिजे, नाहीतर कमोड जागेवर बसणार नाही. कमोडला स्वतःचा ट्रॅप असतो, खाली दुसरा लावू नका. नहाणी ट्रॅपमध्ये मात्र 50 मिमी पाणी उभं राहायला हवं. दुर्गंधी आणि झुरळं तेच अडवतं.

खरी कसोटी उताराची. बाहेरच्या उभ्या पाइपापासून आत येत जोडत चला आणि दर मीटरला साधारण 2 सेंमी चढ ठेवा. म्हणजे 3 मीटर अंतराला 6 सेंमी. प्रत्येक तुकड्यावर लेव्हल ठेवून पाहा. सॉकेटचं, म्हणजे पाइपच्या रुंद टोकाचं, तोंड पाणी येतं त्या बाजूला. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन वापरा, मैला अडकत नाही. जोड रबरी रिंगचा असेल तर रिंगला साबणाचं पाणी लावा, टोक तळापर्यंत ढकला आणि 1 सेंमी मागे ओढा. गरम पाण्याने पाइप लांबतो, त्याला ही जागा लागते. पाइप अधांतरी सोडू नका, खाली विटांचे तुकडे मालात बसवून टेकू द्या.

भिंतीतल्या भोकांमध्ये पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. गळती बहुतेकदा इथूनच सुरू होते.

आता बाहेरच्या उभ्या पाइपाकडचं टोक बंद करून नहाणीपर्यंत पाणी भरा, पातळीवर खूण करा, रात्रभर ठेवा. पाणी उतरलं तर जोड उघडा. नाही उतरलं तर टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढा आणि मगच गवंड्याला कोबा भरायला सांगा. घमेली वरून ओतू नयेत, पाइपच्या दोन्ही बाजूंनी हाताने भरावं.