कुमासीत राहायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी: असांते लोक आणि त्यांची भूमी

कुमासीला नोकरीसाठी किंवा व्यवसायासाठी येणाऱ्या मराठी माणसाला घर, व्हिसा, हिवतापापासून बचाव आणि भारतीय किराणा यांची माहिती कोणी ना कोणी देतेच. ज्यांच्या भूमीवर आपण राहायला आलो आहोत त्या असांते लोकांविषयी मात्र सहसा कोणी सविस्तर बोलत नाही. मग शनिवारी निम्मे सहकारी काळे-तांबडे कपडे घालून कुठे जातात, एखादा कारकून वडिलांपेक्षा मामाची चिंता जास्त का करतो आणि जमीन भाडेपट्ट्याने घेण्याआधी गावच्या प्रमुखाला भेटायला का जावे लागते, यांतले काहीच नव्या माणसाला उलगडत नाही. येथे बरीच वर्षे राहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की या प्रश्नांची उत्तरे असांतेंच्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास ज्याने समजून घेतला त्याचे येथील राहणे आणि काम दोन्ही सुकर होतात.

घानाची राजधानी आक्रा समुद्रकिनारी आहे आणि कुमासी तिच्या वायव्येला रस्त्याने सुमारे 250 किलोमीटर आत, जंगलाच्या पट्ट्यात वसलेले आहे. असांते हे अकान या मोठ्या समूहातले लोक. फांते, अकीम, बोनो हेही अकानच, पण प्रत्येकाचा इतिहास आणि अभिमान वेगळा आहे. आक्रा हे मुळात गा लोकांचे शहर आहे आणि त्यांचा अकानांशी वांशिक संबंध नाही. त्यामुळे सगळ्या घानावासीयांना एकाच मापाने मोजण्याची सवय पहिल्या आठवड्यातच सोडून द्यावी. कार्यालयात इंग्रजी चालते, परंतु बाजारात, दवाखान्यात आणि शेजारी त्वी भाषेतील चार वाक्ये येत असतील तर लोकांचा सूरच बदलतो.

असांतेंच्या परंपरेनुसार त्यांच्या कुळांचे पूर्वज कुमासीच्या दक्षिणेकडील असांतेमान्सो येथे जमिनीतून वर आले, आणि तेथील राई आजही पवित्र मानली जाते. सतराव्या शतकात ही लहान लहान राज्ये डेंचिरा नावाच्या बलाढ्य राज्याची मांडलिक होती. कुमासीचा प्रमुख ओसेई टुटू आणि त्याचा सल्लागार, पुरोहित ओकोम्फो अनोचे यांनी त्यांना एकत्र बांधले आणि 1701 साली फेयियासेच्या लढाईत डेंचिराचा राजा न्तिम जाकारी याचा पराभव केला. अनोचेने आकाशातून सोन्याचे आसन खाली आणले आणि ते ओसेई टुटूच्या मांडीवर अलगद उतरले, अशी कथा येथील प्रत्येक मूल ऐकत मोठे होते. त्याच अनोचेने जमिनीत रोवलेली तलवार आजही पाहता येते. ती जागा कुमासीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात आहे आणि रुग्णालयालाही त्याचेच नाव दिलेले आहे.

या सुवर्णासनाविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण परका माणूस त्याला राजाचे सिंहासन समजतो. ते तसे नाही. त्यावर कोणीही बसत नाही, राजाही नाही. ते जमिनीला टेकू दिले जात नाही आणि समारंभात त्याला स्वतःचे वेगळे आसन दिले जाते. त्यात सर्व असांतेंचा, म्हणजे होऊन गेलेल्यांचा, आज असलेल्यांचा आणि पुढे जन्मणाऱ्यांचा आत्मा वसतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. राजे येतात आणि जातात, प्रसंगी पदच्युतही होतात, पण आसन राहते. याविषयी थट्टेचा एक शब्दही काढू नये.

अठराव्या शतकात असांतेंचे राज्य आजच्या घानाच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरले. सोने, कोला नावाचे फळ आणि युद्धात पकडलेली माणसे यांच्या व्यापारावर ते उभे होते. सोन्याची भुकटी हेच चलन होते आणि ती तोलण्यासाठी पितळेची इतकी सुबक वजने ओतली जात की ती आज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. माणसांच्या व्यापाराबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. किनाऱ्यावरील एल्मिना आणि केप कोस्ट येथील युरोपीय किल्ल्यांतून अटलांटिकपार विकल्या गेलेल्या अनेकांना असांते सैन्याने पकडून आणले होते, तर अनेक बंदिवान येथील घराण्यांतच सामावले गेले. म्हणून एक कडक नियम परंपरेने चालत आला आहे आणि तो अनोचेच्या काळचा मानला जातो: कोणी कोणाचे मूळ उघड करू नये. आपल्याकडे ओळख होताच ‘मूळ गाव कोणते, घराणे कोणते’ असे विचारणे आपुलकीचे समजले जाते. येथे घराण्याच्या मुळाची चौकशी करणे टाळावे. समोरच्याने आपणहून सांगितले तर ऐकावे आणि ते दुसऱ्याकडे बोलू नये.

इंग्रजांशी असांतेंच्या लढाया जवळजवळ शतकभर चालल्या. 1824 मध्ये त्यांनी इंग्रज गव्हर्नर चार्ल्स मॅकार्थी याला रणात मारले. 1874 च्या फेब्रुवारीत गार्नेट वूल्झलीच्या फौजेने कुमासी जाळली, राजवाडा सुरुंगाने उडवला आणि तेथील सोने लुटून नेले. 1896 मध्ये तरुण राजा प्रेम्पे याने युद्ध टाळून शरणागती पत्करली, तरीही त्याला आईसह आणि सरदारांसह अटक करून आधी किनाऱ्यावर, मग सिएरा लिओनला आणि शेवटी सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवले. मार्च 1900 मध्ये गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीत आला आणि जमलेल्या प्रमुखांपुढे त्याने सुवर्णासनाची मागणी केली, तेही स्वतः त्यावर बसण्याच्या हक्काने. त्या मागणीने युद्ध पेटले. एजिसूची राजमाता ‘या असांतेवा’ हिने त्याचे नेतृत्व केले. इंग्रजांचा किल्ला कित्येक आठवडे वेढला गेला, पण अखेरीस ती पकडली गेली आणि 1921 साली सेशेल्समध्येच तिचे निधन झाले. 1902 मध्ये असांते प्रदेश इंग्रजी साम्राज्याला जोडला गेला, पण आसन इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाही. कुमासीजवळच्या एजिसूचे नाव निघाले की येथील वयस्क स्त्रियांचा आवाज किती चढतो, हे मी अनेकदा ऐकले आहे.

प्रेम्पे 1924 मध्ये परतला. त्याच्यासाठी बांधलेला मान्शिया राजवाडा आज संग्रहालय आहे आणि नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात तेथे जावे, असा माझा आग्रह आहे. लुटीतल्या वस्तूंपैकी 32 वस्तू लंडनच्या दोन संग्रहालयांनी 2024 मध्ये मान्शियाला दिल्या, पण त्या केवळ उसन्या, मुदतीच्या करारावर. त्याच वर्षी अमेरिकेतील फाउलर संग्रहालयाने 7 वस्तू कायमच्या परत केल्या. कोहिनूरचा विषय ठाऊक असलेल्या माणसाला या फरकाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सध्याचे असांतेहेने, म्हणजे असांतेंचे राजे, ओतुम्फुओ ओसेई टुटू दुसरे हे 1999 पासून पदावर आहेत. घाना प्रजासत्ताक आहे आणि राज्यघटनेने परंपरागत प्रमुखपदाला मान्यता दिली आहे. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी अक्वासिदाए हा सोहळा होतो आणि त्यासाठी परक्यांनाही मान्शियाच्या प्रांगणात जाता येते. प्रचंड रंगीत छत्र्या वरखाली नाचत असतात, हस्तिदंती शिंगे एकमेकांना उत्तर देत वाजतात, सोन्याच्या मुठींच्या तलवारी धरलेले सेवक रांगेने बसतात, आणि राजांच्या मनगटांवर सोन्याचे इतके वजन असते की ते उठून चालतात तेव्हा त्यांचे हात दोन्ही बाजूंनी सेवकांना तोलून धरावे लागतात. फोटो काढण्याआधी कोणाला तरी विचारावे.

आता दैनंदिन जीवनातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. असांते मातृवंशीय आहेत. मूल आईच्या कुळाचे असते, आणि परंपरेप्रमाणे पुरुषाची मालमत्ता व पद त्याच्या मुलाकडे न जाता भाच्याकडे किंवा भावाकडे जाते. राजपदही ओयोको कुळातच राहते आणि उमेदवाराचे नाव राजमाता सुचवते. म्हणून मामा हा येथे लाड करण्यापुरता नसतो. भाच्याच्या शिक्षणाची, लग्नाची आणि अडचणीची जबाबदारी त्याच्यावर असते. तुमच्या हाताखालचा माणूस बहिणीच्या मुलाच्या फीसाठी उचल मागतो, तेव्हा ती त्याच्या दृष्टीने स्वतःच्या घरचीच निकड असते. 1985 च्या वारसा कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्या माणसाच्या पत्नीला आणि मुलांना ठोस वाटा मिळवून दिला, तरी कुळाचा दावा लोकांच्या मनातून गेलेला नाही, आणि अशा वादांत परक्याने मत देऊ नये.

नावांची पद्धत लवकर शिकून घ्यावी. मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला मिळते: रविवारचा क्वासी व अकोसुआ, सोमवारचा क्वाजो व अज्वोआ, मंगळवारचा क्वाबेना व अबेना, बुधवारचा क्वाकू व अकुआ, गुरुवारचा याव व या, शुक्रवारचा कोफी व अफिया, शनिवारचा क्वामे व अमा. कुमासीत जन्मलेले कोफी अन्नान शुक्रवारचे होते. स्वतःचा जन्मवार शोधून ठेवा, कारण तो पहिल्या महिनाभरात कोणीतरी नक्की विचारील आणि त्यानंतर तुम्हाला त्याच नावाने हाक मारील. वडीलधाऱ्यांना मात्र ‘नाना’ म्हणावे. हा आदराचा शब्द पुरुष आणि स्त्री दोघांनाही चालतो.

अंत्यसंस्कार हा येथील सर्वांत मोठा सामाजिक प्रसंग असतो आणि तो बहुधा शनिवारी होतो. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, सर्व नातलग जमले की तो ठरतो. मंडप, खुर्च्यांच्या रांगा, ढोल आणि काळ्या-तांबड्या वस्त्रांतील शेकडो माणसे असे दृश्य असते, तर फार वृद्ध व्यक्ती गेली असेल तर काळ्या-पांढऱ्या रंगाचीही वस्त्रे दिसतात. सहकाऱ्याच्या घरचा प्रसंग असेल तर अवश्य जावे. काळा सदरा पुरेसा आहे. रांगेतील ज्येष्ठांशी आपल्या उजव्या टोकापासून सुरुवात करून डावीकडे सरकत हस्तांदोलन करावे, मग टेबलाशी जाऊन यथाशक्ती रक्कम द्यावी. तिची पावती मिळते आणि नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. ही रक्कम कुटुंबाचा खर्च वाटून घेण्याची रीत आहे आणि तुम्ही आला होता हे वर्षानुवर्षे लक्षात राहते. व्यवस्थापकाच्या जागी असाल तर शनिवारच्या पाळ्या आखताना हे ध्यानात ठेवा.

डावा हात पुढे करू नये, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. कोणाच्या घरी गेलात तर आधी पाणी मिळेल आणि त्यानंतर येण्याचे कारण विचारले जाईल. तोपर्यंत कामाचा विषय काढू नये. जेवणात कसावा आणि कच्च्या केळ्याचा कांडून केलेला फुफू उजव्या हाताने रश्शात बुडवून न चावता गिळतात. शाकाहारी मंडळींनी हे लक्षात घ्यावे की पालेभाजीच्या कोंटोमिरेतही सुकी मासळी बहुतेक वेळा असतेच, त्यामुळे आधी स्पष्ट विचारणे बरे.

सुट्टीच्या दिवशी बोन्विरेला जावे. तेथे केंटे विणले जाते. विणकर बैठ्या मागावर ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरतो, पाय आळीपाळीने ओढतो आणि वीतभराहूनही कमी रुंदीचा एक लांबच लांब पट्टा विणतो. असे अनेक पट्टे कडेला कड शिवून वस्त्र तयार होते आणि पुरुष ते डाव्या खांद्यावरून घेऊन उजवा खांदा उघडा ठेवतात. प्रत्येक नक्षीला स्वतःचे नाव असते. 2024 च्या डिसेंबरात या कलेचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. बाजारात मिळणारे छापील कापड स्वस्त असते, पण शक्य असेल तर विणकराकडूनच घ्यावे, कारण त्याच्या घराचे पोट त्यावर चालते. कुमासीच्या आग्नेयेला असलेले बोसोम्त्वे सरोवरही चुकवू नये. आपल्या लोणारसारखेच तेही उल्कापाताने झालेले आहे, सुमारे 10 लाख वर्षांपूर्वी, पण त्याचा व्यास जवळपास 8 किलोमीटर आहे. असांतेंच्या श्रद्धेनुसार मृतांचे आत्मे तेथे देवाचा निरोप घेतात. लोखंड पाण्याला लावू नये या जुन्या नियमामुळे तेथील कोळी लाकडाच्या साध्या फळीवर ओणवे होऊन, हातांनी पाणी कापत मासेमारी करत आले आहेत.

शेवटी जमिनीचा विषय, कारण कारखाना किंवा गोदाम उभारायला येणाऱ्यांची खरी परीक्षा तेथे होते. येथील बहुतांश जमीन आसनाची, म्हणजे त्या समुदायाच्या पूर्वजांच्या वतीने प्रमुखाच्या ताब्यात असलेली असते. ती कायमची विकत मिळत नाही. परदेशी नागरिकाला घानाच्या राज्यघटनेप्रमाणे जास्तीत जास्त 50 वर्षांचा भाडेपट्टा मिळू शकतो. जमीन दाखवणाऱ्या दलालाच्या कागदावर विसंबून आगाऊ पैसे देऊ नयेत. प्रमुखाकडे ओळखीच्या माणसासोबत जावे, सोबत श्नॅप्सची बाटली न्यावी, मग तुम्ही स्वतः मद्य घेत नसाल तरीही, कारण ती पूर्वजांना अर्पण केली जाते. टोपी काढावी, पायावर पाय टाकून बसू नये आणि प्रमुखाशी थेट न बोलता हाती दंड घेतलेल्या ओचेआमेला, म्हणजे त्यांच्या प्रवक्त्याला उद्देशून बोलावे. तो तुमचे म्हणणे पुढे पोहोचवील आणि उत्तरही त्याच्याच तोंडून येईल. गुरुवार धरणीमातेचा, ‘असासे या’ हिचा, विश्रांतीचा दिवस असल्यामुळे गावाकडे त्या दिवशी जमीन खणायला सुरुवात करू नये. करार ठरला की राष्ट्रीय भूमी आयोगाकडे त्याची संमती आणि नोंद होईपर्यंत एक वीटही रचू नका. या कामाला महिने लागतात, तेवढे आपल्या आराखड्यात पहिल्यापासून धरून ठेवावेत.