दिवा लुकलुकला की लगेच ट्रॅक्शन कंट्रोल बंद करताय? या चुका टाळा

जुलैत ताम्हिणीत चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून आम्हीही थांबलो, आणि परत गाडी उचलायला गेलो तर डॅशवर तो पिवळा दिवा, नागमोडी टायरच्या खुणांचं चित्र असलेला, लुकलुकायला लागला. मावसभाऊ चालवत होता, म्हणाला "च्यायला, गाडी पिकअपच घेईना", आणि दाबलं ना ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण. पुढच्याच क्षणी गाडीचं बूड सर्रकन डावीकडे गेलं, गटार हातभर लांब राहिलं.

दिवा लुकलुकतोय म्हणजे बिघाड नाही, ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरून फुकट फिरू न देणारी सिस्टीम, काम करतेय. क्रिस्टा, टू व्हील ड्राइव्ह फॉर्च्युनर, थारचं आरडब्ल्यूडी मॉडेल, यांच्यात इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, पुढची नुसती फिरतात, त्यामुळे गाडी खरंच किती वेगात आहे ते पुढच्या चाकांवरून कळतं. मागचं चाक त्याच्यापेक्षा फारच जोरात फिरायला लागलं की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कमी करतो, शिवाय घसरणाऱ्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावतो. तो कशाला? कारण साधं डिफरन्शियल (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, एक चाक चिखलात फुकट फिरत असेल तर दुसऱ्यालाही तेवढाच किरकोळ जोर मिळतो, पण फिरणारं चाक ब्रेकने अडवलं की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. तेव्हा पिकअप गेला वाटलं तरी उलट ॲक्सिलरेटर हलका करायचा.

बटण बंद करायची जागा वेगळीच. मऊ वाळूत किंवा खोल चिखलात गाडी रुतत असेल तर चाक थोडं फिरलेलं हवं असतं आणि सिस्टीम नेमकी तिथेच ताकद कापते, तिथे बंद करा, बाहेर पडलात की आठवणीने चालू करा. (आणि बीचवर गाडी नेऊच नका राव, भरती काय तुमच्या बटणाला विचारून येते का.)

घाट उतरताना तर लोक हमखास चुकतात. ओल्या रस्त्यावर चौथ्यावरून एकदम दुसरा टाकून क्लच झटकन सोडला की इंजिन मागच्या चाकांना धरून ठेवतं, ती रस्त्याच्या वेगाने फिरत नाहीत, घासत जातात. साधं ट्रॅक्शन कंट्रोल जास्त फिरणाऱ्या चाकासाठी असतं, कमी फिरणाऱ्यासाठी नाही, काही गाड्यांत त्यासाठी वेगळी सोय असते पण तिच्या भरवशावर राहू नका. गिअर एकेक करून खाली आणा, क्लच हळू सोडा.

टायरचंही तसंच. मागे एक नवा, एक गुळगुळीत, किंवा पुढे-मागे कंपनीने दिलेली नाही अशी साईझ, मग सगळ्या चाकांचा घेर वेगळा, सेन्सरला वाटतं चाक घसरतंय, आणि कोरड्या सरळ रस्त्यावर दिवा लागतो. १.६ मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली असेल तर कायद्यानेच टायर बाद आहे.

आणि दिवा लुकलुकत नाही, सतत पेटलेलाच आहे, तुम्ही बटणही दाबलेलं नाही, सोबत एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा) पेटलाय? मग चाकाजवळचा स्पीड सेन्सर बघा, बऱ्याचदा तिथे चिखल भरलेला असतो नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असते. आमच्या गॅरेजवाल्याने आधी अख्खं एबीएस युनिट बदलायला सांगितलं होतं. स्कॅनर लावा म्हटलं तर निघालं काय, मागच्या उजव्या चाकाची तुटकी वायर.