दमा आणि घरचे उपाय: आपल्या कोकणात सर्रास होणाऱ्या या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेतून गोधड्या निघत. रात्री मी ती अंगावर ओढली की तासाभरात छाती वाजायला लागायची. आजी उठायची, चुलीवर अडुळशाची पानं उकळायची, आणि "काडो पी नि निज" म्हणून मला परत त्याच गोधडीत घालायची. काढ्यात काही खोट नव्हती. खोट गोधडीत होती, आणि हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

दमट हवेत बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे अंथरुणात वाढतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? म्हणून गोधड्या, उशांचे अभ्रे हे सगळं मिरगाच्या आधी गरम पाण्यात धुऊन, मे महिन्याच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस तापवायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचं. ज्याला दमा आहे त्याने गणपतीच्या साफसफाईत माळ्यावर चढू नये. आळशी म्हणतील, म्हणू देत. आणि सुकटीने ज्याची छाती भरते, त्याने जवळा पाखडायला बसू नये. ती बारीक धूळ काहींना चांगलीच बाधते.

धुरी: सगळ्यात मोठी चूक

करवंटीच्या निखाऱ्यावर ओवा, लसणीची सालं टाकायची आणि पोराला त्यावर धरायचं, हा उपाय अजून घरोघरी चालतो. दम्यात श्वासनळ्या आधीच सुजलेल्या आणि आखडलेल्या असतात, त्यात धूर गेला की त्या आणखी आवळतात. मग तो धूर ओव्याचा असो, उदाचा असो, नाहीतर मच्छर अगरबत्तीचा. शेजारी भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळणं) चालू असेल तर त्या दिवशी दारं-खिडक्या लावून घ्या किंवा पेशंटला सरळ दुसऱ्या वाडीत पाठवा.

धोतऱ्याच्या पानांची विडी ओढणारे म्हातारे मी लहानपणी पाहिलेत. त्यामागे अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन असतं, त्याने नळ्या सैल होतात, आणि आजचं इप्राट्रोपियम हे पंपातलं (इनहेलरमधलं) औषध अ‍ॅट्रोपिनपासूनच बनवलेलं आहे. पण कुठल्या पानात किती विष आहे हे कोण मोजणार? तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, काळीज धडधडतंय आणि माणूस बरळतोय, अशी गत होते. धोतऱ्याच्या वाटेला जाऊच नका.

वाफेचंही तसंच. चोंदलेल्या नाकाला बरी वाटते, पण धाप लागलेल्या पोराला उकळत्या पातेल्यावर चादर घालून बसवलं तर भाजण्याचीच भीती जास्त. पाण्यात कापूर किंवा निलगिरी टाकलीत तर त्या उग्र वासानेही उबळ येऊ शकते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येते, तेव्हा तो त्यांच्या नाकाशी लावू नका आणि हाताशीही ठेवू नका.

काढा कशाला, हे विसरणं

अडुळशावर माझा राग नाही. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. खोकल्याला मी आजही अडुळसा, आलं, तुळस उकळून घेतो. पण आवळलेली नळी पाच-दहा मिनिटांत मोकळी करणं हे काढ्याचं काम नव्हे, ते पंपाचं. झटका आल्यावर पानं तोडायला परड्यात धावणं म्हणजे हातातला मोलाचा वेळ घालवणं.

आणखी काही गोष्टी. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. ज्येष्ठमध रोज खूप खाल्ला तर बीपी वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, पंपातल्या काही औषधांनीही ते उतरतं. सितोपलादी चूर्णात सगळ्यात जास्त असते ती खडीसाखर, हे मधुमेहवाल्यांनी ध्यानात ठेवावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. डॉक्टर दुसऱ्याच दुखण्याचे असले तरी आपल्याला दमा आहे हे त्यांना सांगा, कारण बीपीच्या आणि अंगदुखीच्या काही गोळ्या काहींना सोसत नाहीत.

केळं, ताक, सोलकढी सरसकट बंद करायचं कारण नाही. अमुक खाल्लं की दर वेळी धाप लागते असं दिसलं, तर तेवढंच सोडा.

बाजारात मिळणाऱ्या लेबल नसलेल्या पुड्यांबाबत मात्र मी कडक आहे. दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, तोंड गोल दिसायला लागलं, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. महिनोन् महिने घेऊन ती एकदम बंद करणंही धोक्याचं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

"पंपाची सवय लागतली"

हे मी शंभरदा ऐकलंय. सवय लागत नाही. झटक्यात घ्यायचा पंप वेगळा आणि सूज कमी ठेवणारा रोजचा वेगळा. बरं वाटलं की लोक दुसराच आधी सोडतात. पहिला आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, पण ते अगदी थोडं आणि थेट फुप्फुसात जाणारं. त्यातलं काही तोंडात राहतं, म्हणून ओढल्यावर चूळ भरायची. पावडरीची कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारेही भेटतात! ती यंत्रात घालून ओढायची असते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी ठेवली तर मऊ पडते आणि पावडरीच्या गुठळ्या होतात, म्हणून घ्यायच्या वेळीच बाहेर काढा.

एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, पंप घेऊनही फरक नाही, माणूस गुंगीत चाललाय, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप देत राहा. पेशंटला आडवं करू नका, पाठ टेकून बसवा. आपल्याकडे रात्री दरड पडून रस्ता बंद असतो, खाडीवरची तर (होडी) बंद असल्यामुळे कधी सकाळपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून उजाडेपर्यंत बघू म्हणायची सोय नाही. आगोटीला मीठ-मिरची, सुकी मासळी भरता ना, त्याच यादीत दोन पंप लिहा. आणि रात्री हाकेला येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.