मैफलीची जाहिरात नीट वाचा, निम्मी मैफल तिथेच कळते

शहरात मैफलींचा हंगाम सुरू झाला की एकाच आठवड्यात चार-पाच कार्यक्रमांच्या जाहिराती समोर येतात. बहुतेक जण कलाकाराचं नाव बघून ठरवतात. नाव महत्त्वाचं आहेच, पण वेळ, जागा आणि मंचावर किती जण गाणार-वाजवणार हेही तितकंच महत्त्वाचं. चांगल्या गवयालाही चुकीच्या वेळी पाऊण तास मिळाला तर त्याचं खरं गाणं ऐकायला मिळत नाही.

सर्वांत आधी वेळ बघा. हिंदुस्थानी संगीतात राग प्रहराला बांधलेला असतो. त्यामुळे जाहिरातीत रागाचं नाव नसलं तरी वेळेवरून अंदाज बांधता येतो. संध्याकाळी 6च्या सुमारास पहिला कलाकार बसणार असेल तर मारवा, पूरिया, श्री किंवा पूरिया धनाश्री निघण्याची शक्यता मोठी. हे संधिप्रकाश राग. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र आले की दिवस आणि रात्र यांच्यामधली ती हुरहुर उभी राहते. त्यांची वेळ थोडी असते. ‘मुख्य कलाकार नंतर आहे’ म्हणून 7 वाजता पोचणाऱ्याला ते मिळत नाहीत. 7 ते 9 हा यमन, भूप, शुद्ध कल्याण यांचा काळ. त्यानंतर बिहाग, केदार, बागेश्री, जयजयवंती.

मालकंस, दरबारी, अडाणा हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग मोकळ्या मैदानातल्या महोत्सवात त्यांच्या वेळेला क्वचितच ऐकायला मिळतात, आणि त्याला कारण आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार भारतात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. बंद सभागृहाला हे बंधन तसं लागू नाही. म्हणून बंदिस्त जागी रात्री 9ला सुरू होणारी मैफल दिसली की ती सोडू नका.

सकाळची मैफल तर हातची घालवूच नये. बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी होतात, त्यामुळे ललत, भटियार, तोडी, जौनपुरी समोर बसून ऐकण्याची संधी वर्षातून मोजकीच येते. मात्र ‘दिवाळी पहाट’ असं लिहिलेलं असेल तर पुढचा मजकूर वाचा. तिथे बऱ्याचदा भावगीतं आणि नाट्यगीतं असतात. ती ऐकण्यात काही वावगं नाही, पण तोडीच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल. पावसाळ्यात मियाँ मल्हार, गौड मल्हार, मेघ आणि वसंतात बसंत, बहार हे राग कोणत्याही प्रहरी गायले जातात. आषाढ-श्रावणातल्या मैफलींकडे त्यासाठी वेगळं लक्ष ठेवा.

आता हिशेब करा. ‘सायंकाळी 6 ते 10, चार कलाकार’ म्हणजे 240 मिनिटं. त्यातून दीपप्रज्वलन आणि सत्कार यांची 20 मिनिटं काढा. प्रत्येक कलाकाराच्या आधी मंच बदलायला आणि वाद्यं लावायला 10 ते 15 मिनिटं जातात. उरलं काय? माणशी 40 ते 45 मिनिटं. एक बडा ख्याल (संथ लयीतली मुख्य रचना) नीट मांडायलाच तेवढा वेळ लागतो. मग आलाप (रागाचा संथ विस्तार) आखडतो, ताना (जलद स्वरांच्या लडी) लवकर सुरू होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की शास्त्रीय संगीत म्हणजे घाईघाईची कसरत. वेगवेगळ्या कलाकारांची ओळख करून घ्यायला असा महोत्सव उत्तम. त्यातला जो आवडेल त्याची मध्यंतरासह अडीच-तीन तासांची स्वतंत्र मैफल शोधा. राग कसा फुलवतात ते तिथे कळतं.

घराण्याचा उल्लेख असेल तर तोही उपयोगी पडतो. किराण्याचा गवई बहुधा विलंबित (संथ) एकतालात एकेका स्वरावर रेंगाळेल. जयपूर-अत्रौलीकडून अनवट (क्वचित गायले जाणारे) किंवा जोडराग (दोन राग मिळून झालेले) ऐकायला मिळू शकतात. आग्र्यात नोमतोम (‘नोम, तोम’ अशा अक्षरांवरचा आलाप) आणि बोलबनावाला (बंदिशीच्या शब्दांवर केलेल्या विस्ताराला) वजन. धृपद (ख्यालाहून जुना गायनप्रकार) असेल तर सुरुवातीचा बराच वेळ तालाविना आलाप चालतो आणि पखवाज नंतर येतो, एवढं मनाशी धरून जा. काही उणं राहिलंय असं वाटणार नाही.

प्रवेशाच्या ओळीत ‘काही जागा राखीव’ असेल तर पुढच्या रांगा बहुधा निमंत्रितांच्या असतात. अर्धा तास आधी पोचा. ‘भारतीय बैठक’ म्हणजे खाली बसायचं आहे. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेची जागा धरा. नाट्यगृहात मधल्या रांगांतली मध्यभागाची जागा सर्वांत चांगली. अगदी पुढे बाजूला बसलात तर एकाच ध्वनिक्षेपकाचा मारा होतो आणि तंबोरा ऐकूच येत नाही. सज्जाखाली आवाज दबतो.

तयारी म्हणून, वेळेवरून जे तीन-चार राग निघतील असं वाटतं त्यांचे आरोह-अवरोह आणि एखादी छोटी बंदिश आदल्या दिवशी ऐका. त्याच कलाकाराचं ध्वनिमुद्रण मात्र ऐकू नका. मग मैफलभर मन तुलना करत बसतं आणि समोर जे घडतंय ते निसटतं.

वाद्यं लागत असताना गप्पा मारू नका, ते ऐकण्यासारखं असतं. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेकडे कान द्या. ती सहसा पंचमात असते, मग जोडीच्या दोन षड्जाच्या तारा आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. पहिली तार मध्यमात लावली असेल तर मालकंससारखा पंचम वर्ज्य असलेला राग येणार. निषादात असेल तर मारवा किंवा पूरिया असण्याची शक्यता. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा धागा कणभर पुढे-मागे सरकवतात ना, ती जवारी. धागा नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, घुमू लागते. सभागृहाच्या गारव्याने तारा हलतात, दमट हवेत तबल्याची पुडी उतरते. म्हणून मधेच हातोडी निघाली तर कुणी वेळ काढतंय असं समजू नका.

ख्याल सुरू झाला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधा. विलंबित एकतालाच्या 12 मात्रा फार संथ जातात. एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण ते एक मिनिट लागू शकतं, म्हणून नवखा माणूस मोजताना हरवतो. मोजू नका. गवई जो मुखडा पुन्हा पुन्हा म्हणतो तो लक्षात ठेवा. मुखडा जिथे येऊन टेकतो ती सम. छोटा ख्याल बहुधा तीनतालात असतो. तिथे मात्र मोजता येतं: 16 मात्रा, टाळी 1, 5 आणि 13वर, खाली (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) 9वर. हात चुकला तर डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, घुमणाऱ्या वाद्याकडे) कान लावा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत (तिं तिं ता, ता) तो मुका होतो आणि चौदाव्या ‘धिं’ला परत घुमतो. तिथून तीन मात्रांनी सम. दोन-चार आवर्तनांत हे अंगात भिनतं आणि तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर येते तेव्हा मान आपोआप हलते. एक अपवाद: रूपक तालात सम खालीवरच असते. तिथे गोंधळ झाला तर तुमचा कान बरोबर आहे, तालाची रचनाच तशी आहे.

दाद जागच्या जागी द्या. एखादी जागा भिडली की ‘वा’ निघू द्या, कलाकाराला ते हवं असतं. टाळ्या मात्र राग संपल्यावर. आलापात वाजलेल्या टाळ्यांनी स्वराचा धागा तुटतो. उशीर झाला तर दारापाशी थांबा आणि दोन रागांच्या मधे आत जा. मोबाईल नुसता मुका करून भागत नाही. अंधारात त्याचा उजेड मागच्या तीन रांगांना खुपतो. परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नये.

लवकर निघायचंच असेल तर शेवटच्या रागानंतर, भैरवी सुरू व्हायच्या आधी निघा. भैरवी मूळची सकाळची, पण मैफल तिनेच मिटते, मग रात्रीचे 10 वाजलेले असोत. ती चालू असताना चपला शोधण्याची खुडबुड थेट मंचापर्यंत ऐकू जाते. बसणार असाल तर शेवटचा षड्ज विरेपर्यंत बसा, आणि तंबोरा थांबल्यावरच टाळी वाजवा.