ऑर्केस्ट्रा ते संगीत नाटक: अमळनेरहून निघालेल्या गायिकेचा अनुभव

अमळनेरला आमचा सात जणांचा ग्रुप होता. दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, बेस गिटार आणि गायला आम्ही दोघं. हळदीला अहिराणी गाणी, रिसेप्शनला हिंदी, श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचं जागरण. नऊ वर्षं मी तिथे गायले आणि गेली सहा वर्षं संगीत नाटकांत काम करतेय. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुली हल्ली मला विचारतात, ताई, नाटकात जायचं तर काय करावं लागतं? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जळगावच्या एका हौशी संस्थेला राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी 'संगीत सौभद्र' बसवायचं होतं आणि सुभद्रा हवी होती. आमच्या ढोलकीवाल्या दादाने माझं नाव सुचवलं. मी मोबाइलवर सुभद्रेचं एक पद शंभर वेळा ऐकलं, एकेक हरकत, म्हणजे गाण्यातली सुरांची छोटी नक्षी, घोटली आणि म्हणून दाखवलं. सगळ्यांना आवाज आवडला. दिग्दर्शक म्हणाले, "छान. आता या पदाच्या आधीचं वाक्य म्हणा." मला ते माहीतच नव्हतं. पदाला आधीचं वाक्य असतं हेही माझ्या डोक्यात नव्हतं. मला घेतलं, पण पुढचे पंधरा दिवस एकही पद गाऊ दिलं नाही. फक्त संवाद.

तेव्हा मला राग आला होता. आज कुणी नवीन मुलगी आली की मीही तेच सांगते. ऑर्केस्ट्रात गाणं सुरू होतं ते ड्रमच्या चार ठोक्यांवर. नाटकातलं पद त्याच्याही आधी, बोलता बोलता सुरू झालेलं असतं. सुभद्रेचं लग्न तिच्या मनाविरुद्ध दुर्योधनाशी ठरलंय, मन अर्जुनावर आहे, आणि आसरा मागावा कुणाकडे हे तिला कळत नाही. बोलून बोलून शब्द संपतात तिथे ती गाते. तुमचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनवाले काका खालून हळूच सूर धरतात. त्या सुरावर वाक्य टेकवायचं आणि तिथूनच उचलायचं. मध्ये श्वास घेऊन, पवित्रा घेऊन उभी राहिलात की सुभद्रा गेली आणि ऑर्केस्ट्रावाली आली.

हे असं का, ते इतिहास वाचल्यावर उमगलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला नाटक उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' केलं आणि पदं पात्रांच्या तोंडी आली. 'सौभद्र' त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे पद त्या बाईचं आहे, गायिकेचं नाही. माझ्या मते आमच्या या कामातली सगळी मेहनत एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आता हाताची गोष्ट. तालमीत मी पद सुरू केलं की माझा उजवा हात आपोआप छातीपाशी यायचा आणि मूठ वळली जायची. नऊ वर्षं त्या मुठीत माइक होता. डावा हात ताल द्यायला मांडीवर. मला स्वतःला ते जाणवतही नव्हतं. दिग्दर्शकांनी व्हिडिओ काढून दाखवला. मग आठवडाभर माझ्या उजव्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि तसंच गायला लावलं. पाणी सांडू द्यायचं नाही. चार दिवसांनी मूठ सुटली. तुम्ही ऑर्केस्ट्रातून येत असाल तर घरी हे आजच करून बघा, पण आरशासमोर नको. आरशात आपण स्वतःकडे बघत राहतो आणि ती सवयही मग मोडावी लागते.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. आपल्या अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा नाही, डोया. माझ्या घरात तसंच बोलतात आणि मला त्याचा अभिमान आहे. अहिराणी गाणी गाताना तर तोच माझा सोन्याचा ठेवा होता. पण सुभद्रा पुस्तकी मराठी बोलते. बोलताना मी सांभाळायचे, तान घेताना मात्र जीभ घरी पळायची. यावर उपाय सांगितला तो आमच्या तबलजींनी: पद आधी सुराशिवाय, नुसतं ठेक्यात वाचायचं, विलंबित, मग मध्य, मग दुगुणीत. जीभ वळण घेते. अमळनेर-जळगाव रोजची रेल्वे, जवळपास तासाभराचा प्रवास. खिडकीशी बसून मी हेच करायचे. बोली सोडायची नाही, दोन्ही ठेवायच्या. पुढे एका लोकनाट्यात मला अहिराणी बोलणारी आजी करायला मिळाली ती या जिभेमुळेच.

गाण्याच्या तयारीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. नुसता गोड आवाज आणि चांगली नक्कल यावर एखादा प्रयोग निभतो, दुसरा नाही. मी अठ्ठाविसाव्या वर्षी शास्त्रीय शिकायला बसले. यमन, भूप, भीमपलास एवढे राग जरी अंगात मुरले तरी नाट्यपदाकडे बघायची नजर बदलते, कारण मग हरकत पाठ करावी लागत नाही, ती सुचते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या, निदान मध्यमापर्यंत, सर्टिफिकेटपेक्षा शिस्तीसाठी. पूर्णवेळ शिकायची सोय असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत आणि नाटक एकाच छताखाली आहे. मला घर सोडणं शक्य नव्हतं. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने दर वर्षी संगीत महोत्सव होतो, तो मी एकदाही चुकवत नाही.

स्वतःची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गायचं ते, आधी ठरवून घ्या. ऑर्केस्ट्रात मूळ गाण्याच्या स्केलमध्ये गायची सवय असते, नाही झेपलं तर कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. पायांनी भाता मारायच्या ऑर्गनला तसलं बटण नसतं. माझी पट्टी काळी चार, म्हणजे चौथी काळी. अर्जुन करणाऱ्याची काळी एक. दोघांच्या प्रवेशात पदं आली की कुणाला तरी नमतं घ्यावं लागतं, आणि ते तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरलेलं बरं.

मॉनिटर नाही हेही सुरुवातीला फार जड जातं. स्वतःचा आवाज कानात परत येत नाही म्हणून आपण ओरडतो. ओरडू नका. मागच्या रांगेतल्या एका माणसाला मनात धरा आणि त्याच्याशी बोलावं तसं गा. इको नसल्याने श्वास तुटला की लगेच कळतो; तिथे लपवायला जागा नाही. उलट तबला तुमच्यासाठी थांबतो, तुमच्या मागून येतो. ट्रॅकवर गाणाऱ्या मुलींना हे सुख कळायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की परत ट्रॅकवर गाताना चुकल्यासारखं होतं.

पद वाढवायचं किती यावर आमच्यात वाद होतात. वन्स मोअर आला की दहा मिनिटं आलापी करणारे आहेत. माझं मत असं की समोर उभं असलेलं पात्र जोवर ऐकतंय तोवरच गावं. तो बिचारा अवघडून विंगेकडे बघायला लागला तर नाटक थांबलेलं असतं.

पैशांचं सांगायलाच हवं. स्पर्धेच्या नाटकात पैसे मिळत नाहीत, गाडीभाडंही बरेचदा आपलंच. व्यावसायिक प्रयोगाला नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, पण संगीत नाटकाचे प्रयोग महिन्याला दोन-तीन लागले तरी पुष्कळ. स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश पॉप ग्रुपमधली मेलनी सी 2009 साली लंडनच्या 'ब्लड ब्रदर्स' या संगीत नाटकात जुळ्या मुलांच्या आईच्या भूमिकेत उभी राहिली आणि त्यासाठी तिला ऑलिव्हिए पुरस्काराचं नामांकन मिळालं. तिकडे वेस्ट एंडला आठवड्याला आठ प्रयोग होतात. पॉप सोडून नाटकात गेलं तरी तिथे पोट भरतं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून सुपाऱ्या, म्हणजे ऑर्केस्ट्राची ठरलेली कामं, सोडू नका. मी आजही लग्नाच्या तिथींना गाते. मात्र तुळशीच्या लग्नानंतर तिथी आणि स्पर्धेच्या तालमी एकदमच येतात, तेव्हा वही घेऊन बसा आणि आधीच तारखा वाटून टाका.

आणि प्रयोगाच्या आधी तीन दिवस सुपारी घ्यायची नाही. मी एकदा घेतली. शिरपूरकडे हळद होती, शेजारच्या मांडवात डीजे, चार तास त्याच्यावर आवाज चढवून गायले. दुसऱ्या दिवशी प्रयोगात तार सप्तकातला षड्ज लागलाच नाही, फाटला. प्रेक्षक काही बोलले नाहीत. ऑर्गनवाले काका पुढचं पद आपणहून अर्धा सूर खाली घेऊन मोकळे झाले. ते उपकार मी विसरलेले नाही.

एका मंडळाने माझे तीन प्रयोगांचे पैसे बुडवले. बोलणं सगळं तोंडी झालं होतं. आता तारीख, रक्कम आणि प्रवासखर्च हे मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेते. कुणाला वाईट वाटत नाही.

ऑर्केस्ट्राची नऊ वर्षं वाया गेली का, असं एका मुलीने विचारलं होतं. अजिबात नाही. हजार लोकांसमोर पाय लटपटत नाहीत, कुणी चुकलं तर सावरून घेता येतं, लाइट गेली तरी गाणं थांबत नाही. एकदा खरोखरच भर प्रवेशात वीज गेली. मी आणि तबलजींनी अंधारात पद पूर्ण केलं, तेवढ्यात जनरेटर सुरू झाला.

धुळ्याच्या राजर्षी शाहू नाट्यमंदिरातल्या प्रयोगाला आई आली होती. नऊ वर्षं तिने मला मांडवात ऐकलं होतं, कुठलं गाणं बरं झालं आणि कुठलं नाही ते ती घरी आल्या आल्या सांगायची. मध्यंतरात ती विंगेपाशी आली. मला वाटलं, आवाजाबद्दल काहीतरी बोलेल. तिने माझा शालू नीट केला आणि काळजीने विचारलं, "त्या दुर्योधनलेच देतस का काय तिले?"